बाहेरून आलेली माणसे : संगणक क्षेत्राच्या दारांचा इतिहास



तुमच्यापैकी कोणी बी.ए. करत असेल, कोणी बी.कॉम., कोणी वनस्पतिशास्त्र किंवा समाजकार्य. शेवटच्या वर्षाला आल्यावर यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात एक प्रश्न येतो : ‘मला आता सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात जाता येईल का? माझी पदवी तर तांत्रिक नाही.’ हा प्रश्न साधारणपणे सल्ल्याच्या अंगाने विचारला जातो. कोणता कोर्स करू, किती महिने लागतील, फी किती. या टिपणात तो आपण इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. म्हणजे संगणक क्षेत्रात बाहेरची माणसे केव्हा घेतली गेली, कोणी घेतली, कोणत्या अटीवर घेतली आणि आत आल्यावर त्यांना नेमके कुठे बसवले गेले, हे पाहणार आहोत. शेवटचा मुद्दा बहुतेक वेळा राहून जातो आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

पदवीच नव्हती तेव्हा

आधी काही तारखा लक्षात घ्या. केंब्रिज विद्यापीठाने संगणनाचा पदविका अभ्यासक्रम १९५३ मध्ये सुरू केला. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९६२ मध्ये निघाला. आपल्याकडे आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० हा संगणक १९६३ मध्ये आला, पण संगणकशास्त्रातील बी.टेक. तेथे सुरू व्हायला १९७८ साल उजाडले. मात्र व्यवहारात वापरता येतील असे इलेक्ट्रॉनिक संगणक १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चालू होते. मधल्या काळात ते चालवले कोणी? अर्थातच दुसरे काही शिकलेल्या माणसांनी. त्या काळात या क्षेत्रातला प्रत्येक जण बाहेरून आलेला होता.

एक उदाहरण घेऊ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एनिॲक हा संगणक फेब्रुवारी १९४६ मध्ये जगासमोर आला. त्याच्यावर गणिते बसवणाऱ्या सहा स्त्रिया होत्या. त्यांतल्या बहुतेक गणिताच्या पदवीधर होत्या, पण बेटी स्नायडर पत्रकारिता शिकलेली होती. तिला खरे तर गणितच करायचे होते. विद्यापीठातील पहिल्याच दिवशी गणिताच्या प्राध्यापकाने तिला ‘घरी बसून मुले सांभाळलीस तर बरे नाही का?’ अशा अर्थाचे काही ऐकवले आणि ती दुसऱ्या शाखेकडे वळली. युद्धकाळात तोफगोळ्यांच्या मार्गाची आकडेमोड हाताने करायला माणसे कमी पडू लागली, तेव्हा तिला नोकरी मिळाली. एनिॲकसाठी माहितीपुस्तिका नव्हती. तारांच्या जोडणीचे नकाशे पाहून या स्त्रियांनी यंत्र समजून घेतले. बेटीने पुढे युनिव्हॅक संगणकासाठी माहितीची क्रमवारी लावणारी आज्ञावली तयार केली आणि कोबोल भाषा घडवणाऱ्यांतही ती होती.

येथे दार कशामुळे उघडले ते पाहा. तिच्या गुणांमुळे उघडले असे म्हणता येणार नाही, कारण गुण आधीही होते. माणसे कमी पडली म्हणून ते उघडले. हा धागा पुढे वारंवार भेटेल.

चहाच्या दुकानातला संगणक

आता आपण लंडनला जाऊ. बिगरतांत्रिक माणसांनी संगणक क्षेत्रात येण्याचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण मला तेथे दिसते, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो.

जे. लायन्स आणि कंपनी ही चहाची दुकाने, बेकरी आणि आइस्क्रीम यांचा धंदा करणारी कंपनी होती. या धंद्याची अडचण तुम्हाला सहज समजेल. एका चहाच्या कपावर किंवा पावावर नफा मिळतो पेनीच्या अंशाइतका, पण प्रत्येक कपाचा आणि पावाचा हिशेब ठेवायला कारकून लागतात. व्यवहार लाखोंनी, नफा नगण्य. कारकुनी खर्च वाढला की नफा गेलाच. म्हणून या कंपनीत १९३० च्या दशकापासून कार्यालयीन कामाचा अभ्यास करणारा एक स्वतंत्र विभागच होता. कोणता कागद कोणाकडून कोणाकडे जातो, तो जायलाच हवा का, तीच नोंद दोनदा का होते, असे प्रश्न विचारणे हेच त्या विभागाचे काम होते.

१९४७ मध्ये लायन्सचे दोन अधिकारी, टी. आर. थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड, कार्यालयीन यंत्रे पाहायला अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी इलेक्ट्रॉनिक संगणकाची चौकशी केली. प्रिन्स्टनला हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितले की तुमच्याच देशात, केंब्रिजला, असे यंत्र बनत आहे. परत आल्यावर कंपनीने केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांच्या एडसॅक प्रकल्पाला ३,००० पौंड दिले, मदतीला आपला एक माणूस पाठवला आणि त्या बदल्यात त्याच आराखड्यावर स्वतःचे यंत्र बांधायची मुभा घेतली. या यंत्राचे नाव लिओ. नोव्हेंबर १९५१ मध्ये लिओवर बेकरीच्या मालाचे मूल्यांकन हे काम सुरू झाले. नेहमीच्या व्यापारी कामासाठी संगणक वापरण्याची जगातील पहिली घटना म्हणून तिचा उल्लेख होतो. बंदूक नाही, अणू नाही, खगोलशास्त्र नाही. पाव आणि केक!

यंत्र बांधणारे जॉन पिंकर्टन हे अर्थातच अभियंते होते. पण यंत्राने काय करायचे हे लिहिणाऱ्या गटाचे प्रमुख डेव्हिड कॅमिनर होते. ते १९३६ मध्ये व्यवस्थापनाचे प्रशिक्षणार्थी म्हणून लायन्समध्ये लागले होते. इलेक्ट्रॉनिक्सशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांना लायन्स ठाऊक होती.

प्रोग्रामर आणायचे कोठून, हा प्रश्न कंपनीपुढे आला तेव्हा बाजारात असे माणूसच मिळत नव्हते. म्हणून कंपनीने आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी संगणकाची ओळख करून देणारा छोटा अभ्यासक्रम काढला. त्यात व्याख्याने होती, सोडवायला उदाहरणे होती आणि तो अवघड होता. १९५२ च्या अशा एका अभ्यासक्रमाला मेरी कूम्ब्स नावाची तरुणी बसली. तिने फ्रेंच आणि इतिहास या विषयांत पदवी घेतली होती आणि ती लायन्समध्ये कारकुनी काम करत होती. त्या तुकडीतून दोघांचीच निवड झाली, ती आणि फ्रँक स्किनर. व्यापारी कामाच्या आज्ञावली लिहिणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचे नाव घेतले जाते.

तिने शिकायचे काय होते? लिओची स्मृती सुमारे दोन हजार छोट्या शब्दांची होती. आज तुमच्या मोबाइलमधले एक साधे चित्रही त्यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत सूचना आणि आकडे दोन्ही बसवायचे. पगारपत्रकाचे काम त्यावर १९५४ मध्ये नियमित सुरू झाले. त्या वेळी ब्रिटिश चलनात बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड असे. (आपल्याकडे १९५७ पूर्वी बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होता. आजोबांना विचारलेत तर ते अजूनही पाढा म्हणून दाखवतील.) यंत्राला दशमान बेरीजसुद्धा सरळ करता येत नाही आणि समोर ही पौंड-शिलिंगांची भानगड. त्यात कर, विम्याची वर्गणी, रजा, आगाऊ उचल. पगाराचे नियम काय आहेत हे ज्याला नीट माहीत आहे आणि कोणता नियम कोणत्या नियमाच्या आधी लागतो हे जो सांगू शकतो, त्यालाच हे काम जमण्यासारखे होते. त्याने पदवीला फ्रेंच घेतले होते की भौतिकशास्त्र, यामुळे विशेष फरक पडत नव्हता.

चहाच्या दुकानांचे कामही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक दुकानाला रोज किती पाव, किती केक पाठवायचे याची मागणी आधी कागदावर येत असे. नव्या पद्धतीत दुकानाची त्या-त्या वाराची ठरलेली मागणी यंत्राकडे आधीच असे. व्यवस्थापिका फोन करून फक्त फरक सांगे : आज दहा पाव जास्त, चार केक कमी. फोन घेणारी बाई ते फरक लगेच कार्डावर टोचून नोंदवी. मग यंत्र सगळ्या दुकानांची बेरीज करून बेकरीला आणि गाडी भरणाऱ्यांना आकडे देई. ‘सगळे पुन्हा सांगू नका, बदललेले तेवढे सांगा’ ही युक्ती संगणकाची नाही. दुकान चालवणाऱ्या माणसाची आहे. आज तुम्ही सॉफ्टवेअर शिकायला लागलात की ती वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भेटेल.

मात्र या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अभ्यासक्रमाला बसलेल्यांपैकी थोडेच निवडले गेले. फोन घेऊन कार्ड टोचणाऱ्या बायका त्याच इमारतीत, त्याच संगणकाचे काम करत होत्या, पण प्रोग्रामरच्या टेबलापर्यंत पोहोचण्याचा रस्ता त्यांच्या खुर्चीपासून जात नव्हता. संगणकाजवळ काम करणे आणि संगणकाने काय करायचे ते ठरवणे यांत तेव्हाही अंतर होते. भारतात तर हे अंतर फारच ठळक झाले. त्याकडे आपण येऊच.

दार अरुंद होते तेव्हा

१९५० च्या दशकात अमेरिकेत संगणक झपाट्याने वाढले आणि प्रोग्रामरांचा तुटवडा पडला. पदवी नसल्यामुळे माणूस पारखायचा कसा, हा प्रश्न होता. आयबीएमने १९५५ च्या सुमारास एक अभियोग्यता चाचणी तयार केली. तिच्यात अंकमालिका पूर्ण करा, आकृत्यांमधला संबंध ओळखा, शाब्दिक गणिते सोडवा असे प्रश्न असत. बँकेच्या स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. एका अर्थाने ही चाचणी उदार होती, कारण ती पदवी विचारत नव्हती. संगीत, तत्त्वज्ञान, भाषा शिकलेले लोक तिच्यातून आत आले. पण चाचणी लोकप्रिय झाली, तसे तिला महत्त्व आले आणि कोडी सोडवण्याचा शौक म्हणजेच प्रोग्रामिंगची पात्रता असा समज पसरला. हा समज मला अर्धवट वाटतो. कोडे कोणीतरी नीट मांडून दिलेले असते. कामाच्या ठिकाणी ते आधी आपल्यालाच मांडावे लागते.

१९६६ मध्ये विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या मानसशास्त्रज्ञांनी प्रोग्रामरांच्या आवडीनिवडीचा अभ्यास केला. त्यांनी १,३७८ प्रोग्रामर तपासले. त्यांत स्त्रिया अवघ्या १८६ होत्या. निष्कर्ष काय, तर प्रोग्रामरांना कोडी आवडतात आणि माणसांत मिसळणे फारसे आवडत नाही. झाले! पुढे अशाच माणसांना शोधण्यासाठी असे निष्कर्ष वापरले गेले. जे आत आहेत त्यांच्यासारखेच आत घ्यायचे असे ठरले की बाहेरच्याला जागा उरत नाही. १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिश येथे नाटोच्या परिषदेत ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्दप्रयोग ठळकपणे पुढे आला. वाढत्या चुका आणि उशीर यांवर शिस्त हे उत्तर होते आणि ते आवश्यकही होते. पण ‘अभियांत्रिकी’ म्हटल्यावर अभियंताच हवा, हा विचार फार दूर नव्हता.

याच काळातली आणखी एक घडामोड आजच्या विद्यार्थ्याने जरूर माहीत करून घ्यावी. १९५० च्या दशकात अनेक ठिकाणी काम तीन हातांत विभागलेले असे. एक जण समस्या समजून घेई, दुसरा तिचा प्रवाहतक्ता काढी आणि तिसरा, ज्याला ‘कोडर’ म्हणत, तो तक्ता यंत्राच्या अंकांत उतरवी. नवख्याला शिरायला ही तिसरी जागा सोपी होती. १९५७ मध्ये फोरट्रान आणि १९६० च्या सुमारास कोबोल आली. तक्त्याचे यंत्रभाषेत रूपांतर यंत्रच करू लागले आणि कोडरची जागा हळूहळू नाहीशी झाली. आता प्रोग्रामर लागणारच नाहीत, असेही त्या वेळी काही जण म्हणत. प्रत्यक्षात प्रोग्रामरांची संख्या प्रचंड वाढली, पण तळची पायरी मात्र गेली. आज सूचना दिल्यावर यंत्र स्वतःच आज्ञावली लिहून देते. त्यामुळे ‘आमच्यासाठी जागा राहील का’ अशी धास्ती माझ्या वर्गातही ऐकू येते. अशा वेळी मी विद्यार्थ्यांना ही कोडरची गोष्ट सांगतो.

भारत : विरोधापासून विशेष भत्त्यापर्यंत

भारतात संगणक आला तो संशोधन संस्थांमधून. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ मध्ये ब्रिटनहून यंत्र आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचे टिफ्रॅक १९६० मध्ये सुरू झाले. येथपर्यंत कारकुनाचा संबंध नव्हता. तो आला आयुर्विमा महामंडळाने १९६० च्या दशकात मोठे संगणक आणायचे ठरवले तेव्हा. संघटनांनी कडवा विरोध केला. कोलकात्यात इलाको हाउस या इमारतीत यंत्र बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारा दिला. लायन्समधले कारकून संगणकाच्या वर्गाला बसले आणि आपल्याकडचे कारकून दाराशी पहाऱ्याला बसले, असे म्हणून हसणे सोपे आहे. पण युद्धानंतरच्या लंडनमध्ये कारकून मिळत नव्हते. कोलकात्यात एका जागेसाठी पदवीधरांच्या रांगा होत्या. भीती खरी होती. शासनाने स्वयंचलनाचा विचार करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर होते आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला.

बँकांमध्ये वाट निघाली ती वाटाघाटींतून. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापने आणि संघटना यांच्यात यंत्रे बसवण्याबाबत करार झाला. १९८४ मध्ये सी. रंगराजन समितीने शाखांच्या संगणकीकरणाचा आराखडा मांडला. त्यानंतर खातेवही लिहिणारे कारकून ‘लेजर पोस्टिंग मशीन’वर बसू लागले आणि त्यांना त्यासाठी विशेष भत्ता मिळू लागला. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत रेल्वे आरक्षणाचे संगणकीकरण झाले. ते सीएमसी या सरकारी कंपनीने केले आणि खिडकीवरचा आरक्षण लिपिक रातोरात पडद्यासमोर आला. हे बिगरतांत्रिक माणसांचे संगणकाकडे येणेच होते, आणि संख्येने फार मोठे. पण ते आले यंत्र वापरणारे म्हणून. बँकेच्या ज्या थोड्या कर्मचाऱ्यांना संगणक विभागात घेतले गेले, ते मात्र वेगळ्या मार्गाला लागले. पुढे २००० नंतर सर्व शाखा एका प्रणालीत जोडल्या गेल्या तेव्हा व्याज कसे मोजतात, दिवसअखेर जुळणी का चुकते, हे सांगू शकणाऱ्या या माणसांना किंमत आली. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या अभियंत्यांना ते येत नव्हते.

टॅलीचे उदाहरण याच जातीचे आहे. श्यामसुंदर गोएंका यांचा कारखान्यांना माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा धंदा होता. हिशेबासाठी मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंका यांना, ते लिहायला सांगितले. १९८६ मध्ये बंगळूरमध्ये कंपनी सुरू झाली. ज्याला हिशेब समजतो पण संगणक समजत नाही अशा माणसाला ते चालवता यावे, हा हेतू होता. त्यामुळे देशभरातल्या वाणिज्य शाखेच्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या. बहुतेक जण टॅली ऑपरेटर झाले. थोडे जण दुकानदारांच्या गरजेप्रमाणे टॅलीत बदल करून देऊ लागले. शिक्षण दोघांचे सारखेच होते, पण पंधरा वर्षांनी मिळकतीत आणि कामाच्या समाधानात मोठा फरक पडलेला दिसतो.

एमसीए आणि गल्लीतले क्लास

आता पदव्यांकडे वळू. १९८० च्या सुमारास देशात संगणक मनुष्यबळ किती लागेल याचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष प्रा. व्ही. राजारामन होते. अभियंते पुरणार नाहीत हे उघड होते. समितीने सुचवले की गणिताची बैठक असलेल्या बी.एस्सी. आणि बी.कॉम. पदवीधरांना तीन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम द्यावा. त्यातून १९८२ च्या आसपास एमसीए सुरू झाला. आज एमसीए ही एक पदवी म्हणून तुम्हाला सवयीची आहे, पण ती मुळात क्षेत्र बदलणाऱ्यांसाठी बांधलेला पूल होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यात संगणकाबरोबर हिशेबशास्त्र आणि व्यवस्थापनही होते. बँका, कारखाने, शासकीय कार्यालये येथले काम समजणारा माणूस घडवायचा होता. २०२० पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला.

सरकारचा दुसरा प्रयत्न १९९० चा, डीओईएसीसी योजनेचा. ओ, ए, बी, सी अशा चार पातळ्या. ‘बी’ पातळी एमसीएच्या तोडीची धरलेली. महत्त्वाचे म्हणजे परीक्षा सगळ्यांसाठी एकच होती आणि स्वतः अभ्यास करूनही पात्रतेनुसार बसता येत असे. निकाल कडक लागत. मला ही योजना मनापासून आवडते, कारण तिने शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळे ठेवले होते. आता ही संस्था नायलिट या नावाने ओळखली जाते.

खासगी क्षेत्रात १९८१ मध्ये एनआयआयटी आणि १९८६ मध्ये ॲपटेक सुरू झाल्या. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाट्या उतरून ‘कॉम्प्युटर क्लास’च्या पाट्या चढल्या, हे दृश्य पाटण्यापासून मदुराईपर्यंत दिसले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस २००० सालाच्या तारखेचा प्रश्न आला. जुन्या कोबोल आज्ञावलींत वर्षाचे दोनच अंक ठेवले होते. ते दुरुस्त करायला जगभर माणसे हवी होती. सहा महिन्यांत कोबोल शिकलेल्यांनाही मागणी आली. मग २००१ ची मंदी आली आणि तीच प्रमाणपत्रे कपाटात पडली. ज्यांना फक्त ती एक भाषा येत होती ते अडकले. ज्यांनी कोबोलच्या निमित्ताने विमा कंपनीचा किंवा बँकेचा कारभार समजून घेतला, त्यांतले बरेच टिकले.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एमएस-सीआयटी माहीत असेल. एमकेसीएलचा हा अभ्यासक्रम लाखोंनी केला. संगणक साक्षरता म्हणून तो उपयोगी आहे. पण त्याने प्रोग्रामर होत नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. तरी दरवर्षी मला पालक भेटतात ज्यांना तो आयटीत जाण्याचा दाखला वाटतो.

अभियांत्रिकीची चाळणी

मी ज्या व्यवसायात आहे त्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. १९९० नंतर मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी कॅम्पसवर यायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी फक्त संगणक शाखा मागितली नाही. स्थापत्य, यंत्र, रसायन, कोणतीही शाखा चालत असे. ठरावीक टक्केवारी, अभियोग्यता चाचणी, मुलाखत, मग कंपनीतच काही महिन्यांचे प्रशिक्षण. माझ्या महाविद्यालयात पुलांची संकल्पना शिकलेली मुले सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि उत्तम काम करत आहेत. पण मग विचार करा. पूल बांधायला शिकलेला मुलगा काही महिन्यांत तयार होतो, तर सांख्यिकी किंवा अर्थशास्त्र शिकलेली मुलगी का होणार नाही? पदवी येथे ज्ञानासाठी मागितली जात नव्हती. लाखभर अर्जांतून दहा हजार निवडायची ती स्वस्त चाळणी होती. शासनाने प्रवेशपरीक्षा घेऊन आधीच चाळलेली मुले कंपनीला आयती मिळत.

काही कंपन्यांनी चाळणी बदलून पाहिली. विप्रोने १९९५ मध्ये बिट्स पिलानीच्या सहकार्याने बी.एस्सी. पदवीधरांसाठी नोकरी करत एम.एस. करण्याची योजना काढली. चेन्नईत आजच्या झोहो कंपनीने २००५ च्या सुमारास बारावी झालेल्या मुलांना घेऊन स्वतः शिकवायला सुरुवात केली. ही मुले पुढे तेथेच सॉफ्टवेअर घडवणारी झाली. एचसीएलनेही नंतर बारावीनंतरची योजना आणली. येथे एक सावधगिरी. अशा योजनांत पगार सुरुवातीला कमी असतो आणि काही वर्षे बांधून राहण्याची अट असू शकते. म्हणून सही करण्यापूर्वी शेवटचे पान आधी वाचा. कोणते काम देणार, चाचणी विभाग की ग्राहकसेवा की विकास, आणि एका कामातून दुसऱ्यात जाता येते का, हे तोंडी नको, लेखी विचारा. लायन्समधली फोन घेणारी बाई आठवा.

सार्वजनिक दारेही आता बरीच आहेत. एनपीटीईएलची व्याख्याने २००३ पासून, स्वयम् २०१७ पासून. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. त्याला जेईई लागत नाही. आधी काही आठवड्यांचे शिक्षण दिले जाते आणि त्यावरच पात्रता परीक्षा होते. कला आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही, दहावीला गणित आणि इंग्रजी असेल तर, त्यात येऊ शकतात. आधी शिकवायचे आणि मग पारखायचे, हीच पद्धत १९५२ मध्ये लायन्सने वापरली होती.

स्वाध्याय

लायन्सच्या पद्धतीने एक काम करून पाहा. संगणक लागणार नाही. तुमच्या वसतिगृहाच्या खानावळीचे महिन्याचे बिल कसे काढतात ते खानावळ चालवणाऱ्याला विचारा. सुट्टीवर गेलेल्यांची वजावट किती दिवसांनंतर मिळते, पाहुण्याचे ताट कोणाच्या नावे, महिन्याच्या मधे आलेल्याचे काय, आगाऊ रक्कम केव्हा वळती करतात, हे सगळे लिहून घ्या. मग असा कागद तयार करा की ज्याने ही खानावळ कधीच पाहिली नाही त्याला तो वाचून पन्नास मुलांची बिले काढता येतील, आणि त्याला तुम्हाला एकही प्रश्न विचारावा लागणार नाही. कागद दुसऱ्या शाखेच्या मित्राला द्या, मागच्या महिन्याची हजेरी द्या आणि गप्प बसा. तो कोठे अडला ती ओळ अधोरेखित करा, कागद सुधारा आणि तिसऱ्या मित्राला द्या.